घोर आणि बिनघोर

'घोर' आणि 'घोरणे' यांच्या व्युत्पत्तीत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण मराठी बोलणाऱ्याच्या मनात हे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात एवढे खरे. ज्याला कसलाही घोर नाही तो बिनघोर झोपतो, आणि जो बिनघोर झोपतो तो घोरतो, असा आपला साधा हिशेब असतो. घोरणे म्हणजे गाढ झोपेची पावती. लग्नघरात एखादा काका घोरणारच, आणि सकाळी चहाच्या वेळी त्याची नक्कल होऊन सगळे हसणारच. आमच्या घरातही हा हिशेब पंधरा-सोळा वर्षे बिनतक्रार चालला. "दमून येतो गं तो, घोरू दे," असे आई म्हणत आणि विषय तिथेच संपे.

या लेखातले 'आम्ही' हे खरोखरीचे अनेकवचन आहे, संपादकीय नव्हे. आम्ही दोघे नवरा-बायको, वयाने चाळिशीच्या उत्तरार्धात, कराडच्या आसपास दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. ज्या आजाराबद्दल लिहायचे आहे तो दोघांपैकी एकाला आहे. पण तो आपल्याला आहे हे त्याला स्वतःहून कळण्याची सोय नव्हती, कारण आजार घडतो तेव्हा रोगी झोपलेला असतो. कळले ते दुसरीला. तेव्हा सोयीसाठी आमच्यातल्या एकाला झोपणारा आणि दुसरीला जागणारी म्हणू.

जागणारीच्या लक्षात आले ते हे, की काळजीची गोष्ट घोरणे ही नव्हतीच. घोरणे थांबणे ही होती. आवाज चढत चढत जाई आणि एकाएकी बंद पडे. छाती आणि पोट हलत असे, म्हणजे श्वास घेण्याची धडपड चालू असे, पण हवा आत जात नसे. मग गुदमरल्यासारखा एक मोठा हिसका, एक कुशी, आणि पुन्हा तेच. एका रात्री तिने मनात आकडे मोजले. अडतीसपर्यंत मोजून झाल्यावर श्वास आला. त्या रात्रीपासून तिला मोजायची सवय लागली आणि झोपेची सवय गेली. झोपणाऱ्याला सकाळी विचारले तर तो म्हणे, "उत्तम झोप लागली, फक्त डोके जड आहे."

दिवसा तो पेंगत असे. पण आमच्या व्यवसायात याला आजार कोण म्हणणार? विद्यापीठीय चर्चासत्रात दुसऱ्या सत्रात झोपणे हे जर रोगाचे लक्षण मानायचे ठरवले, तर मराठीच्या निम्म्या प्राध्यापकांना दाखल करावे लागेल. आम्ही ते हसण्यावारी नेले. मग दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, पुण्याहून परतताना, खंबाटकीचा घाट उतरून गाडी सरळ रस्त्याला लागली असता ती हळूच डाव्या बाजूला सरकू लागली. जागणारी ओरडली म्हणून चाके मातीत उतरून थांबली, एवढेच नुकसान. झोपणारा पूर्ण शुद्धीत होता, किंवा तो तसे ठामपणे सांगत होता. गाडी बाजूला घेऊन आम्ही अर्धा तास काही न बोलता बसून होतो. त्यानंतर त्याने गाडी चालवणे बंद केले आणि आम्ही डॉक्टर गाठला.

पुण्यात एक रात्र डोक्याला, छातीला आणि बोटाला तारा लावून झोपल्यावर जो अहवाल हाती आला, त्यात एक आकडा होता : ४१. तासाला ४१ वेळा, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद, श्वास एक तर पूर्ण थांबतो किंवा बराच कमी पडतो. तासाला पाचपर्यंत असे होणे सामान्य मानतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तीसच्या पुढे तीव्र. सहा तासांच्या झोपेचा गुणाकार केला तर सुमारे अडीचशे वेळा. रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण एकदा ७४ टक्क्यांपर्यंत उतरले होते. या आजाराचे नाव स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून आपल्याकडे घरोघर पोचले होते. आम्हीही ते वाचले होते आणि पान उलटले होते. मुंबईतल्या मध्यमवयीन शहरी पुरुषांची डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात झोपेतल्या श्वासाचा दोष १९.५ टक्के पुरुषांत, आणि दिवसाच्या पेंगेसकट पुरा आजार ७.५ टक्के पुरुषांत आढळला होता. म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये झोपणारा एकटा असण्याची शक्यता कमीच.

आता प्रश्न आला उपायाचा, आणि या लेखाचा विषय तोच आहे. आम्हांला दोन सल्ले मिळाले. कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकांनी घशाची शस्त्रक्रिया सुचवली : टॉन्सिल काढायचे, पडजीभ आणि मृदुतालूची मागची कड छाटायची, राहिलेला भाग ताणून शिवायचा. दोन आठवडे घसा चांगलाच दुखेल, नंतर मोकळे. छातीच्या डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र सांगितले : रोज रात्री नाकावर मास्क बांधायचा, त्यातून दाबाने हवा येत राहील आणि त्या दाबाने घसा उघडा राहील. किती दिवस, असे विचारल्यावर ते म्हणाले, "चष्मा किती दिवस लावता?"

पहिल्या दिवशी आम्हां दोघांचाही कौल शस्त्रक्रियेकडे होता. तो का होता, हे आम्हांला पुढे तपासून पाहावे लागले, आणि त्या तपासणीतून आमचे आजचे मत बनले आहे. ते मत असे, की मोठ्या माणसाच्या या आजारात घशाच्या शस्त्रक्रियेकडे आपण जे धावतो ते बहुतेक वेळा वैद्यकीय कारणासाठी नसते. आपल्याला शेवट हवा असतो. एकदा काय ते सोसले आणि सुटलो, असा पूर्णविराम हवा असतो. रोज रात्री नव्याने सुरू होणारे वाक्य नको असते. आम्हांसारख्या कथा-कादंबऱ्या शिकवणाऱ्यांना तर शेवटाची ओढ जरा अधिकच.

शिवाय काही कारणे अशी, जी कोणी उघड बोलत नाही. मास्कची लाज हे त्यातले पहिले. सहलीला गेलो, नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो, तर पिशवीतून यंत्र काढून नळी जोडायची? आणि लग्नाला पंधरा-सोळा वर्षे झाली म्हणून काय झाले, बायकोसमोर नाकाला सोंड लावून पडायचे? दुसरे कारण विजेचे. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री वीज जाते आणि पहाटे येते, म्हणजे यंत्राबरोबर इन्व्हर्टरचा विचार आला. तिसरे कारण पैशाचे, आणि ते फारच विचित्र निघाले. आमच्या आरोग्य विम्यात दाखल होऊन केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च बसत होता. घरी वापरायचे यंत्र मात्र बसत नव्हते. म्हणजे घसा कापून घेतला तर आम्हांला जवळजवळ काही पडणार नव्हते, आणि न कापता बरे राहायचे ठरवले तर पन्नासेक हजार रुपये पदरचे जाणार होते. विमा कंपनीच्या माणसाला यात काही वावगे वाटले नाही. आम्हांलाही त्या दिवशी वाटले नाही, ही अधिक लाजेची गोष्ट.

आमचे पाऊल अडले ते एका अगदी घरगुती कारणाने. झोपणारा गेली वीस वर्षे तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवतो. दर वर्षी जुलैमध्ये तो फळ्यावर वागिंद्रियांची आकृती काढतो : ओठ, दात, कठोर तालू, मृदुतालू, आणि मृदुतालूच्या टोकाला लोंबणारी पडजीभ. हा मृदुतालूचा पडदा वर उचलला गेला की नाकाची वाट बंद होते आणि प, ब, त, द उमटतात. तो खाली आला की हवा नाकात जाते आणि म, न, ण उमटतात. 'बाळ' आणि 'माळ' यांतला सारा भेद त्या पडद्याच्या हालचालीचा. शल्यचिकित्सकांनी कागदावर घशाचे चित्र काढून छाटण्याचा भाग पेनाने दाखवला तेव्हा झोपणाऱ्याने आपलीच आकृती ओळखली. पेन नेमके त्या पडद्यावर होते.

त्याने विचारले, आवाजाचे काय? उत्तर प्रामाणिक होते : काही जणांना काही दिवस पाणी पिताना नाकातून येते, उच्चारात गेंगाणेपणा येतो, बहुतेकांचे ते जाते, थोड्यांचे राहते. घशात काही अडकल्यासारखे वाटत राहणे, कोरडेपणा, या तक्रारीही राहू शकतात. ज्याची सारी उपजीविका दिवसाचे चार तास मोठ्याने बोलण्यावर आहे, त्याने 'थोड्यांचे' या शब्दाशी अडखळावे हे स्वाभाविक होते. तिथून पुढे आम्ही आमच्या सवयीचे काम केले. शब्द तपासले.

पहिला शब्द 'यशस्वी'. ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे वैद्यकीय लेखनात म्हणतात तेव्हा त्याचा रूढ अर्थ काय? तासाचा आकडा निम्म्याने तरी कमी व्हावा, आणि तो वीसच्या खाली यावा. या व्याख्येने आमच्या झोपणाऱ्याचा आकडा ४१वरून १९वर आला असता तर शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदली गेली असती. पण १९ म्हणजे मध्यम आजार. म्हणजे सहा तासांत शंभरावर वेळा श्वास अडणारच होता, फक्त तो यशस्वीपणे अडला असता. हा अर्थ कोणी लपवून ठेवलेला नाही, तो छापलेला आहे. पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला 'यश' म्हटल्यावर 'बरे होणे' ऐकू येते. आणि एवढ्या उदार व्याख्येनेही, १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र करून अमेरिकेत जो आढावा घेतला गेला, त्यात या शस्त्रक्रियेचे यश ४१ टक्क्यांच्या आसपास निघाले. आमच्या आकड्याशी हा आकडा जुळावा हा निव्वळ योगायोग. पण तो आमच्या मनातून गेला नाही.

ही सरासरी. सरासरी म्हणजे कोणाचाच घसा नव्हे. २००२ साली फ्रीडमन नावाच्या शल्यचिकित्सकांनी रोग्यांची तोंडाकडे पाहून विभागणी करून दाखवली. टॉन्सिल मोठे आणि तोंड उघडल्यावर जिभेमागचा भाग नीट दिसतो, अशांत यश ८० टक्क्यांच्या घरात होते. टॉन्सिल लहान आणि जीभ वर चढून मागचे काही दिसू देत नाही, अशांत ते ८ टक्के होते. शस्त्रक्रिया तीच, घसे वेगळे. झोपणाऱ्याचे टॉन्सिल नावापुरते आहेत आणि जीभ भरगच्च आहे, हे आम्हांला दुसऱ्या एका घशाच्या डॉक्टरांनी, केवळ बॅटरीच्या उजेडात, अर्ध्या मिनिटात सांगितले. याचा अर्थ त्याचा घसा जिथे बंद होतो तिथे पडजीभ ही फार तर साथीदार असणार. मुख्य अडथळा जिभेच्या मुळाशी असण्याची शक्यता अधिक.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्यात साहित्याचाही एक धागा आहे. डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मध्ये, म्हणजे १८३६-३७ साली, ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा येतो. तो दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपतो. एकशे वीस वर्षे वाचक त्याला हसले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी एका स्थूल, सतत पेंगणाऱ्या व्यापाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि आजाराला पिक्विकचे नाव दिले. तो गृहस्थ दवाखान्यात आला तो का, तर पोकरच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे आले असताना त्याला झोप लागली आणि डाव हातचा गेला! (श्वास जातो त्याची तक्रार नाही, पण डाव गेला म्हटल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो. आम्ही तरी कुठे वेगळे वागलो?) झोपेत घसाच बंद होतो हे नेमके कळायला १९६५ साल उजाडावे लागले. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, झोपेत ते सैलावतात. घशाच्या त्या भागाला हाडांचा आधार नाही, म्हणून श्वास ओढताना भिंती आत ओढल्या जातात. मेंदू क्षणभर जागा करून सुटका करतो, पण इतका थोडा की आठवण राहत नाही.

पहिला खात्रीचा उपाय शस्त्रक्रियेचाच होता आणि तो भयंकर होता : मानेत श्वासनलिकेला भोक पाडून घशाला वळसा घालणे. हा उपाय १९६९पासूनचा. मग १९८१ हे एकच साल असे आले, की त्यात दोन्ही वाटा फुटल्या. अमेरिकेत फुजिता यांनी पडजीभ-मृदुतालूची शस्त्रक्रिया या आजारासाठी मांडली, आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीच्या मोटरने नाकातून हवा दाबून देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. एक सुबक वैद्यकीय कृती, दुसरी गॅरेजातली जुळवाजुळव वाटावी अशी. चाळीस वर्षांनंतर पहिला उपाय म्हणून जगभर दुसरीच सुचवली जाते.

येथे यंत्राची आरती ओवाळण्याचा आमचा विचार नाही. यंत्रवाल्यांच्या शब्दांनाही तीच चाळण लावली पाहिजे. 'नियमित वापर' म्हणजे काय, तर सत्तर टक्के रात्री, किमान चार तास. उरलेल्या वेळेचे काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या दोन हजार सातशे रोग्यांत, यंत्र देऊनही पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन सुधारले. त्या चाचणीत लोकांनी यंत्र वापरले ते रात्री सरासरी ३.३ तास. जो उपाय रात्रीच्या अर्ध्या भागात काढून ठेवला जातो, त्याला पूर्ण उपाय म्हणता येत नाही. २०२१ साली फिलिप्स कंपनीला आपली लाखो यंत्रे आतला फोम झिजतो म्हणून परत बोलवावी लागली, तेव्हा उपकरणांवरचा विश्वासही डळमळला.

शस्त्रक्रियेच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. २०२० साली ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. यंत्र सोसवले नाही अशा १०२ जणांपैकी निम्म्यांवर टाळू आणि जिभेचे मूळ अशा दोन्ही ठिकाणी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना नेहमीचे इतर उपचार दिले. शस्त्रक्रियावाल्यांचा तासाचा आकडा सरासरी ४७.९वरून २०.८वर आला, दुसऱ्यांचा ४५.३वरून ३४.५वर. हा फरक किरकोळ नाही. दोन्ही जबडे पुढे सरकवण्याची मोठी शस्त्रक्रिया तर याहून पुष्कळ परिणामकारक ठरली आहे. पण तिच्यात चेहऱ्याची हाडे कापून पुन्हा बसवावी लागतात. जिभेच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका देणारे, छातीत बसवायचे उपकरण २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाले. लहान मुलांची गोष्ट निराळीच : त्यांच्यात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढणे हाच बहुधा पहिला उपाय असतो, आणि आमचे काहीही मत त्यांना लागू नाही. मोठे टॉन्सिल असलेल्या तरुण माणसालाही ते लागू नाही. यंत्र मनापासून वापरून पाहिले आणि नाही जमले, अशा माणसाला तर कोणी आळशी म्हणू नये. रात्रभर तोंडावर पट्टा बांधून झोपण्याचे उपदेश मोकळ्या नाकाची माणसे फार सहज करतात.

वजनाचे काय, असे सगळेच विचारतात. वजन घटवले तर आकडा घटतो हे खरे. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे औषध स्थूल माणसांतल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मंजूरही झाले. पण आमचा झोपणारा पोट सुटलेला असला तरी स्थूल म्हणावा असा नाही, आणि आशियाई चेहऱ्या-जबड्याच्या ठेवणीमुळे आपल्याकडे कमी वजनातही हा आजार होतो. तो रोज सकाळी कृष्णेच्या काठाने चार किलोमीटर चालतो आणि परत येताना वडापाव खातो. असो.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती. शस्त्रक्रियेचे संमतीपत्र आम्हांला घरी वाचायला दिले होते. त्यात रोग्याची सही एका ओळीवर आणि नातेवाइकाची सही 'साक्षीदार' म्हणून दुसऱ्या ओळीवर. जागणारीने ते वाचले आणि ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "साक्षीदार तर मी आहेच. पाच वर्षे रोज रात्री." आणि त्यानंतर जे म्हणाली ते आम्हां दोघांनाही अनपेक्षित होते : शस्त्रक्रिया व्हावी असे तिला वाटत होते ते त्याच्यासाठी नव्हे. तिला झोप हवी होती. आवाज बंद व्हावा, मोजणे बंद व्हावे. तो बरा झाला नाही तरी चालेल असे तिने कधी मनात म्हटले नव्हते, पण आवाज थांबला की तो बरा झाला असे मानायला ती तयार होती.

यातला धोका साधा आहे. मृदुतालू छाटल्याने घोरणे पुष्कळदा कमी होते. श्वास थांबणे मात्र तितके कमी होतेच असे नाही. म्हणजे शांतता मिळेल, आणि त्या शांततेत आकडा तसाच राहू शकेल. आज निदान आवाजामुळे थांबणे कळते. आवाज गेला तर साक्षीदारही गेली. म्हणून घशाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर पुन्हा एकदा तारा लावून रात्रभर तपासणी केल्याशिवाय तिला यशस्वी म्हणू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. घोरणे थांबल्यावर ही दुसरी तपासणी करून घेण्याचा उत्साह कोणाला राहतो, हे आमच्या ओळखीतल्या तीन घरांत आम्ही विचारून पाहिले. एकानेही केलेली नव्हती. तिन्ही घरांत बायका म्हणाल्या, आता छान झोपतात.

झोपणाऱ्याचीही कबुली नोंदवली पाहिजे. त्याला शस्त्रक्रिया नको होती ती आकड्यांमुळे नव्हे, आवाजाच्या भीतीने. आकडे त्याने नंतर शोधले आणि शोधताना आपल्या बाजूचे आधी वाचले. २०२०ची ती ऑस्ट्रेलियन चाचणी त्याच्या टेबलावर तीन आठवडे उलटी पडून होती. ती सुलटी केली जागणारीने. म्हणजे दोघेही आपापल्या गरजेला वैद्यकीय युक्तिवादाचे कपडे चढवत होतो. शरीर एकाचे, रात्र दोघांची. अशा ठिकाणी मत कोणाचे चालावे याचा संकेत आपल्याकडे नाही. सहीपुरता तो आहे : शरीर ज्याचे, निर्णय त्याचा. कायद्याने ते योग्यच आहे. पण पाच वर्षे जिने जागून काढली तिला केवळ 'साक्षीदार' म्हणून खालच्या ओळीत बसवणे आम्हां दोघांनाही पटले नाही.

अखेर ठरले ते असे. पडजीभेला तूर्त हात लावायचा नाही. नाकाचा पडदा एका बाजूला वाकडा आहे. त्याने ॲप्निया बरा होणार नसला तरी नाक मोकळे झाले तर मास्क सोसेल, म्हणून ती लहान शस्त्रक्रिया लागलीच तर करू. यंत्र आधी महिनाभर भाड्याने आणले. पहिल्या आठवड्यात झोपणाऱ्याने ते रोज रात्री दोनच्या सुमारास झोपेत काढून फेकले. दुसऱ्या आठवड्यात मास्कचा आकार बदलला, तेव्हा ते पहाटे चारपर्यंत टिकू लागले. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी उठून तो म्हणाला की डोके जड नाही, आणि मग काही चुकल्यासारखा गप्प झाला. ताजेतवाने उठणे कसे असते हे तो विसरला होता. यंत्राच्या कार्डावर दर रात्रीचा आकडा नोंदला जातो. गेल्या महिन्याची सरासरी ६ आहे, वापर पाच तास. वीज गेली की दोघेही जागे होतो.

जागणारी अजून पूर्ण झोपत नाही. यंत्राचा आवाज बारीक आहे, पण सवयीने ती रात्री उठते, मोजू लागते, आणि मोजण्यासारखे काही नसल्यामुळे अस्वस्थ होते.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पुण्याला जायचे आहे. तोवर वापर पाच तासांच्या वर गेला नाही, तर औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा पाहण्याची तपासणी करून घ्यायची, आणि अडथळा नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी पाहूनच शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार करायचा, यावर आमचे एकमत आहे. ती तपासणी शस्त्रक्रियेच्या बाजूने गेली तर शेवटचा शब्द कोणाचा, यावर अजून झालेले नाही.